देहेड ते महाड : रुग्णाच्या उशाशी ठेवलेल्या नोंदींचा इतिहास

इस्पितळातल्या आय.सी.यू.ला आपण मराठीत ‘अतिदक्षता विभाग’ म्हणतो. मूळ इंग्रजी नावात भर आहे तो उपचारांच्या तीव्रतेवर. मराठीत शब्द बदलला आणि भर दक्षतेवर आला, म्हणजे जागे राहून पाहणाऱ्या माणसावर आला. इतिहासाच्या दृष्टीने हा बदल मला फार नेमका वाटतो. कारण अशा विभागात सर्वांत आधी नजरेत भरणारे यंत्र उपचार करत नाही, ते फक्त पाहते. खाटेच्या वर टांगलेल्या मॉनिटरवर हृदयाचे ठोके, रक्तदाब, श्वासाचा वेग, रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण आणि तापमान असे पाच आकडे सतत बदलत असतात. रुग्णालय जालन्याचे असो की मुंबईचे, दाराच्या काचेतून आत डोकावणारे नातेवाईक त्याच पडद्याकडे पाहत असतात. आकड्यांचा अर्थ त्यांना ठाऊक नसतो, पण आपल्या माणसाचे बरेवाईट तिथे लिहिले जाते आहे हे त्यांना कळते.

या पाच आकड्यांना पाच वेगवेगळे इतिहास आहेत. ते सगळे सांगण्याचा इथे हेतू नाही. पडदा येण्याच्या आधीपासून वैद्यकाला तीन प्रश्न सोडवावे लागले : कोणते लक्षण पाहायचे, ते किती वेळाने पाहायचे आणि दिसले की काय करायचे. यांतला पहिला प्रश्न ज्या राज्यात हिरिरीने लढवला गेला, त्या निजामाच्या राज्यात तेव्हा जालनाही होते. आणि तिन्ही प्रश्नांचे एका विशिष्ट मरणापुरते का होईना, पण पूर्ण उत्तर ज्याने दिले तो डॉक्टर जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचा. त्याच्या उशाशी मॉनिटर नव्हता. या दोन टोकांना जोडणारा धागा मला इथे मांडायचा आहे.

नाडीची चाल आणि घड्याळाचा काटा

आपल्याकडे ‘नाडी पाहणे’ हा वैद्यकीचाच पर्याय होऊन बसला आहे. तरी नाडीपरीक्षा वाटते तितकी प्राचीन नाही. चरक-सुश्रुतांच्या संहितांत तिला पुढे मिळाले तसे स्थान नाही. साधारण तेराव्या-चौदाव्या शतकातल्या ‘शार्ङ्गधरसंहिते’त मात्र ती ठसठशीतपणे येते. तिथे वातप्रकोपात नाडी जळू आणि सापासारखी चालते, पित्तात कावळा आणि बेडकासारखी, कफात हंस आणि पारव्यासारखी. या उपमा निरीक्षणातून आलेल्या आहेत, त्यांना हसण्याचे कारण नाही. सरपटणे, उड्या मारणे आणि डुलत चालणे यांतला फरक बोटांना कळू शकतो. पण एका वैद्याच्या बोटांना कळलेला फरक दुसऱ्याच्या बोटांपर्यंत पोचवणे अवघड, आणि काल संध्याकाळची नाडी आज सकाळच्या नाडीशेजारी ठेवून पाहणे त्याहून अवघड.

ते शक्य झाले मोजणीमुळे. १७०७ मध्ये जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ वापरात आणले. पुढे १८६८ मध्ये जर्मनीत कार्ल वुंडरलिखने सुमारे २५ हजार रुग्णांच्या तापाच्या नोंदींवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. तोपर्यंतचा तापमापी लांबलचक असे आणि पारा स्थिर व्हायला बराच वेळ लागे. त्याच सुमारास क्लिफर्ड ऑलबटने काही मिनिटांत काम करणारा, खिशात मावेल असा आखूड तापमापी तयार करवून घेतला. वुंडरलिखचे खरे काम मात्र उपकरणाचे नव्हते. त्याने ताप दिवसातून अनेकदा मोजला, आकडे कागदावर उतरवले आणि ते रेषेने जोडले. कोणता ताप जिन्यासारखा चढतो आणि कोणता उतरून पुन्हा उसळतो, हे त्या रेषेवर दिसू लागले. रुग्णाच्या खाटेच्या पायथ्याशी लटकणारा तक्ता हा त्या कामाचाच वंशज.

रक्तदाबाचे तसेच. १८९६ मध्ये इटलीत रिव्हा-रोच्ची याने दंडाला बांधायचा पट्टा वापरून दाब मोजण्याचे सुटसुटीत उपकरण केले. १९०५ मध्ये रशियातल्या निकोलाय कोरोत्कोव्हने त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून ऐकू येणाऱ्या आवाजांवरून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे काढण्याची रीत सांगितली. आजही आपल्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टर फुगा दाबतात आणि कान देऊन ऐकतात, ती हीच रीत.

निजामाच्या राज्यातला वाद

आता हैदराबादकडे येऊ. क्लोरोफॉर्मचा भूल देण्यासाठी वापर १८४७ मध्ये सुरू झाला आणि १८४८ च्या जानेवारीतच हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना त्या भुलेत दगावली. पुढे असे मृत्यू होत राहिले. प्रश्न असा उभा राहिला, की क्लोरोफॉर्म मारतो कसा? आधी हृदय थांबते की आधी श्वास? प्रश्न पुस्तकी नव्हता. भूल देणाऱ्याने बोट नाडीवर ठेवावे की डोळे छातीच्या हालचालीवर, हे त्याच्या उत्तरावर ठरणार होते. लंडनच्या परंपरेत नाडीला महत्त्व होते. एडिंबरोच्या परंपरेत श्वासाला.

हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या जेम्स साइमचे शिष्य. त्यांचे ठाम मत असे, की नाडीकडे पाहायचेच नाही, पाहायचा तो फक्त श्वास. ते सिद्ध करण्यासाठी १८८८ मध्ये त्यांनी हैदराबादेत प्राण्यांवर प्रयोग केले. ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकाला ते पटले नाहीत. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सरकारने पैसे पुरवले आणि ‘लॅन्सेट’च्या वतीने लॉडर ब्रंटन १८८९ मध्ये हैदराबादला आले. या दुसऱ्या चौकशीत शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, रक्तदाबाच्या रेषा फिरत्या नळकांड्यावर उमटवून घेतल्या गेल्या आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला : श्वास आधी थांबतो. ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ या नावाने हे प्रकरण वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. भूलशास्त्राच्या इतिहासात ज्यांचे नाव जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये घेतले जाते त्या रूपाबाई फर्दुनजी याच हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या.

निष्कर्ष मात्र टिकला नाही. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले, की भूल हलकी असताना क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय एकाएकी बिघडू शकते आणि मग श्वासाची वाट न पाहता मृत्यू ओढवतो. म्हणजे लॉरींच्या सांगण्यावरून केवळ श्वास पाहत बसलेल्याला हे मरण येताना दिसलेच नसते.

मराठवाड्याच्या इतिहासात या कमिशनचा उल्लेख क्वचितच होतो. जालना, भोकरदन, अंबड हे तालुके तेव्हा याच राज्यात होते. पण राजधानीतल्या प्रयोगशाळेतले हे वाद तिथल्या खेड्यांपर्यंत पोचण्याचे कारणच नव्हते. मला त्यातून घ्यायचा आहे तो एवढाच मुद्दा : दोन्ही बाजू एकाच लक्षणाच्या शोधात होत्या. एक खूण हेरली की काम झाले, अशी दोघांचीही समजूत. शरीर असे एका खुणेने बोलत नाही हे कळायला आणखी बराच काळ जायचा होता.

कोपनहेगनचे विद्यार्थी

शस्त्रक्रियेच्या टेबलावरची देखरेख काही तासांची. रुग्णाजवळ दिवसेंदिवस बसून राहण्याची वेळ १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये आली. पोलिओच्या साथीत श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले ब्लेगडाम रुग्णालयात येऊ लागली. ‘लोखंडी फुप्फुस’ म्हटली जाणारी यंत्रे होती अगदी मोजकी. बियर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशात नळी घालून रबरी पिशवीने हवा आत ढकलण्याचा मार्ग सुचवला. पिशवी दाबायला माणसे हवीत म्हणून वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावले गेले. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने महिनोन् महिने हे काम केले. एका मुलाच्या उशाशी एक विद्यार्थी, हातात पिशवी आणि डोळे मुलाच्या चेहऱ्यावर. पुढच्याच वर्षी इब्सेनने त्याच शहरात गंभीर रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात बहुतेक इतिहासकार तिथून मानतात.

साठच्या दशकात अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांसाठी सतत ई.सी.जी. दाखवणारे कक्ष निघाले. मुंबईत डॉ. फारुख उदवाडिया यांच्यासारख्या डॉक्टरांनी ही शाखा रुजवली. १९९३ मध्ये अतिदक्षतातज्ज्ञांची अखिल भारतीय संघटनाही मुंबईतच स्थापन झाली. हा इतिहास मोठ्या शहरांचा, मोठ्या इमारतींचा आणि अखंड विजेचा आहे. ज्या तालुक्यात यातले काहीच नव्हते तिथे काय झाले?

देहेडचा डॉक्टर, कोकणचा विंचू

हिंमतराव बावस्कर यांचा जन्म १९५१ सालचा. देहेड तेव्हा हैदराबाद राज्यातल्या औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना जिल्हा अस्तित्वात आला तो १ मे १९८१ रोजी. शिक्षणासाठी घरच्या गरिबीशी केलेला झगडा त्यांनी ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मचरित्रात सांगितला आहे, तो मराठी वाचकांना ठाऊक आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मराठवाड्याच्या काळ्या रानातून कोकणच्या तांबड्या मातीत, अशी ही बदली.

त्या तांबड्या मातीत लाल विंचू आहे. विंचू मराठवाड्यातही आहेतच. शेजारच्या पैठणला एकनाथांनी विंचवावर भारूड रचले ते त्याच्या नांगीचा अनुभव समोरच्या श्रोत्यांना घरचा होता म्हणूनच. पण विंचू म्हणजे असह्य कळ, रात्रभर तळमळ आणि सकाळी उतार, अशी सर्वसाधारण समजूत. कोकणात तसे होत नव्हते. भाताचा पेंढा उचलताना, कौले शाकारताना, अंधारात अनवाणी चालताना लाल विंचू डसे आणि धडधाकट माणूस काही तासांत तोंडाला तांबूस फेस येऊन मरे. मुले तर अधिकच. १९६१ मध्ये पी. एम. मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरते अशी नोंद केली होती. पण पाठ्यपुस्तकांत विंचवाला फारशी जागा नव्हती. उपचार म्हणून स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपिन, गुंगीच्या औषधांचे मिश्रण असे जे जे सुचेल ते दिले जाई. इन्सुलिन वापरून पाहणारा एक प्रवाहही पुढे निघाला. बहुतेक वेळा गावात आधी मांत्रिकाकडे विंचू उतरवला जाई, आणि रुग्ण दवाखान्यात येईतो उशीर झालेला असे.

बावस्करांनी केले ते असे : रुग्णाजवळ बसून पाहिले आणि पाहिलेले लिहून ठेवले. साधने प्राथमिक आरोग्य केंद्रात असतात ती : घड्याळ, स्टेथोस्कोप, रक्तदाबाचा पट्टा आणि आपला तळहात. त्या नोंदींतून लाल विंचवाच्या विषाचा क्रम उलगडला.

हे विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारे उघडी ठेवते. तंतू थांबायचे नाव न घेता संदेश सोडत राहतात. आधी उलट्या, दरदरून घाम, लाळ, पुरुषांत व मुलग्यांत लिंगाचा ताठरपणा. नाडी काही वेळा मंद. मग अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा रक्तात उतरतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, दाब चढतो, नाडी धावू लागते, हातपाय गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, रक्त मागे साचते आणि फुप्फुसांत पाणी उतरते. रुग्ण उठून बसतो, धापा टाकतो, छातीत बुडबुड्यांचा आवाज येतो.

मराठीत भीती सांगताना आपण म्हणतो : घाम फुटला, छाती धडधडली, हातपाय गार पडले. भाषेने हे वाक्प्रचार उगाच घडवलेले नाहीत. भीतीच्या क्षणी शरीर जी यंत्रणा जरा वेळ वापरते तीच यंत्रणा विष तासन् तास ताणून धरते. भोवतालच्या लोकांना ‘पोर घाबरलंय’ असे वाटत असते तेव्हा आत हृदय कोसळण्याच्या बेतात असते.

१९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बावस्करांचा निबंध आला. विषय होता लाल विंचूदंशात हृदयावर येणाऱ्या संकटाची पूर्वसूचना देणारी लक्षणे. उलट्या, घाम, गार हातपाय, लिंगाचा ताठरपणा या खुणा दिसल्या की हृदयाला धोका आहे हे ओळखावे, असा त्याचा आशय. जे ‘लॅन्सेट’ नव्वदेक वर्षांपूर्वी निजामाच्या पैशाने हैदराबादेत लक्षणे शोधायला आले होते, तिथेच आता निजामाच्या जुन्या मुलुखातल्या एका शेतकरी घरातला डॉक्टर कोकणातली लक्षणे मांडत होता. या योगायोगाला मी अधिक अर्थ देत नाही. पण एक फरक डोळ्यांत भरतो. हैदराबादेत एका निर्णायक लक्षणाचा शोध होता. बिरवाडी-महाडच्या नोंदींत लक्षणांचा क्रम हेच लक्षण होते.

ते का, हे रक्तदाबावरून समजते. समजा, विंचू चावलेल्या मुलाचा दाब मोजला आणि तो अगदी सामान्य निघाला. याचे तीन अर्थ होऊ शकतात. विष फारसे भिनलेले नाही. किंवा दाब चढायला अजून सुरुवात व्हायची आहे. किंवा तो चढून, हृदय थकून, आता खाली येतो आहे. पहिल्या मुलाला घरी पाठवता येईल, तिसरे मूल तासाभरात मरू शकेल. आकडा तिघांचा एकच. त्यांना वेगळे करते ती अर्ध्या तासापूर्वीची नोंद, आणि अर्ध्या तासानंतरची.

गार तळवे, ऊबदार तळवे

उपाय याच समजुतीतून निघाला. वाहिन्या आवळल्यामुळे हे घडत असेल तर त्या सैल करणारे औषध हवे. रक्तदाबासाठी सत्तरच्या दशकात आलेली प्राझोसिन ही गोळी नेमके ते करते. ती स्वस्त होती, तोंडाने देता येत होती, आणि तिच्यासाठी मोठ्या इस्पितळाची गरज नव्हती. १९८६ मध्ये हिंमतराव आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशातल्या प्राझोसिनच्या वापरावर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. पश्चिम भारतात प्राझोसिनपूर्व काळात गंभीर विंचूदंशाने दगावणाऱ्यांचे प्रमाण २५ ते ३० टक्के होते, ते पुढे एका टक्क्याच्या खाली आले, असे त्यांच्या नंतरच्या लेखनात नोंदलेले आहे.

गोळीची कथा अनेकदा सांगितली जाते, नोंदीची क्वचित. प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेने काहींचा रक्तदाब एकदम उतरू शकतो. रुग्ण उभा राहिला तर चक्कर येऊन पडेल. म्हणून त्याला आडवेच ठेवायचे. शिवाय घाम आणि उलट्यांनी शरीर कोरडे पडलेले असते. म्हणजे ही गोळी देऊन डॉक्टर घरी गेला तर औषधच घातक ठरण्याची शक्यता. बावस्करांच्या मार्गदर्शनात म्हणूनच वेळापत्रक आहे : नाडी, रक्तदाब आणि श्वास पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे सहा तास दर तासाने आणि मग सुधारणा होईपर्यंत दर चार तासांनी. पहिल्या नऊ तासांतच बारा नोंदी होतात. एक डॉक्टर, एक परिचारिका आणि बाहेर अंधार असलेल्या दवाखान्यात बारा वेळा खाटेजवळ जाऊन तीन गोष्टी मोजणे म्हणजे काय, याची कल्पना केलेली बरी. कागदावर हे वेळापत्रक दोन ओळींत मावते.

दुसरी गोष्ट अधिक लक्षणीय. गोळी दर तीन तासांनी पुन्हा द्यायची ती कुठवर? हातपाय ऊबदार होईपर्यंत. उपचार थांबवण्याची खूण रक्तदाबाच्या आकड्यात नाही, रुग्णाच्या तळव्यात आहे. वाहिन्या सैल झाल्या, रक्त बोटांच्या टोकापर्यंत पोचू लागले, की गार तळवे उबेला येतात. ही खूण आजच्या मॉनिटरवरच्या नेहमीच्या पाच आकड्यांत नाही. ती पाहायची तर डॉक्टरने हात लावावा लागतो.

याला गावठी तडजोड समजू नये. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांतल्या अतिदक्षता विभागांत जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या ४२४ रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्या रुग्णांचे उपचार रक्तातल्या लॅक्टेटच्या चाचणीवर बेतलेले होते; उरलेल्यांचे, बोटाचे टोक दाबून सोडल्यावर रंग परत यायला किती वेळ लागतो यावर. अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू दुसऱ्या गटात कमी होते. तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला निर्विवाद उतरला नाही, पण बोट दाबून पाहणे प्रयोगशाळेपेक्षा कमी ठरले नाही एवढे नक्की. सर्व यंत्रे हाताशी असणाऱ्यांनीही शेवटी बोटाच्या टोकाकडे पाहिले.

महाडमधले काम गोळीपाशी थांबले नाही. विंचूदंशावरची लस, म्हणजे प्रतिविष, उपलब्ध झाल्यावर तिची गोळीशी तुलना करणे आले. इतकी वर्षे ज्या औषधाने नाव दिले त्याला कसोटीवर लावणे सोपे नसते. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७० रुग्ण, दोन गट. गोळी आणि प्रतिविष दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ गोळी मिळालेल्या ३५ पैकी आठ. स्वतःच्याच उपचारात भर घालायला हवी असा निष्कर्ष लेखकांनी मांडला. हे ठरले ते पुन्हा तासातासाच्या नोंदींवरच, कारण ‘बरा झाला’ हे कोणत्या तासाला म्हणायचे हे नोंदीशिवाय ठरत नाही. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्याकडे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते म्हणतात. या माणसाने आपलेच बिऱ्हाड विंचवाच्या मुलखात कायमचे मांडले.

दारोदार फिरलेला आकडा

आता उलट दिशेने जालन्याकडे येऊ. पाच आकड्यांतला सर्वांत तरुण आकडा प्राणवायूचा. बोटाला चिमट्यासारखे लावायचे पल्स ऑक्सिमीटर ज्या तत्त्वावर चालते ते १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी शोधले. रक्तवाहिनीतली प्रत्येक लाट बोटातून जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण किंचित बदलते. दोन रंगांच्या प्रकाशातला तो बदल ताडून प्राणवायूचे प्रमाण काढता येते. अनेक वर्षे हे उपकरण शस्त्रक्रियागृहाबाहेर सामान्य माणसाला दिसलेही नव्हते. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले, आणि त्याच काळात त्यांचे उपकरण जगभर घराघरांत शिरत होते.

महाराष्ट्रात १५ सप्टेंबर २०२० रोजी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. आरोग्यमंत्री होते जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीचे आमदार राजेश टोपे. आशा कार्यकर्त्या आणि स्वयंसेवक दारोदार जाऊन तापमान आणि ऑक्सिजनची पातळी मोजू लागले. अतिदक्षता विभागातला आकडा ओसरीवर आला. चौऱ्याण्णव म्हणजे काय आणि अठ्ठ्याऐंशी म्हणजे काय, हे शाळा न पाहिलेल्या म्हाताऱ्यांनाही कळू लागले. कोविडमध्ये प्राणवायू बराच खाली गेला तरी काहींना धाप जाणवत नव्हती. अशांसाठी हा चिमटा जीव वाचवणारा ठरला.

पण या आकड्यालाही मर्यादा आहेत. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवले, की काळ्या वर्णाच्या रुग्णांत हे उपकरण खरी घट लपवण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट आहे. प्रकाश त्वचेतून जातो, आणि त्वचा सर्वांची सारखी नसते. उन्हातान्हात राबणाऱ्या आपल्या माणसांच्या बोटांना हा चिमटा लावताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बोट गार असेल तर आकडा नीट येतच नाही, हेही. जिथे रक्त पोचत नाही तिथे यंत्र गप्प बसते. तळहाताला मात्र तेव्हाच सर्वांत जास्त कळते.

पाहणारा कोण?

एडवर्ड लॉरी क्लोरोफॉर्मच्या बाबतीत चुकले, पण एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. पाच आकड्यांत आज सर्वाधिक दुर्लक्ष होते ते त्यांच्या लाडक्या श्वासाकडे. सामान्य वॉर्डात नाडी आणि दाब यंत्र सांगते. श्वास मोजायला घड्याळ हातात धरून मिनिटभर छातीकडे पाहावे लागते. तेवढा वेळ नसतो म्हणून तक्त्यावर प्रत्येकासमोर अठरा किंवा वीस असा ठरावीक आकडा पडतो. जगभरच्या रुग्णालयांत हे आढळले आहे आणि वैद्यकीय नियतकालिकांत त्यावर लिहिले गेले आहे. दुर्दैव असे, की रुग्ण खालावू लागल्याची खबर अनेकदा श्वासाचा वेगच सर्वांत आधी देतो. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये सर्व लक्षणांना गुण देऊन त्यांची बेरीज करण्याची राष्ट्रीय पद्धत आली, तीत श्वासाला मानाचे स्थान आहे. गुण आले तरी मोजणारा लागतोच.

दुसरीकडे, अतिदक्षता विभागात आकड्यांची कमतरता नाही, गर्दी आहे. यंत्रे इतक्या वेळा वाजतात, आणि त्यांतली इतकी वाजणी निरर्थक असतात, की कानांना त्यांची सवय होऊन जाते. कधीच न वाजणाऱ्या यंत्राइतकेच सतत वाजणारे यंत्रही निरुपयोगी.

जालन्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०२४ मध्ये राज्यात एकाच वेळी उद्घाटन झालेल्या दहा महाविद्यालयांत ते होते. खाटा येतील, मॉनिटर येतील, यायलाच हवेत. ज्या मुलाला दोन तासांवरच्या शहरात नेता नेता उशीर होत असे त्याला ते जवळ मिळतील. पण यंत्रखरेदीचा आकडा सरकारी अहवालात जितका ठळक छापला जातो तितका रात्रपाळीच्या परिचारिकांचा आकडा छापला जात नाही. एका परिचारिकेकडे किती खाटा, हा प्रश्न मॉनिटर किती, या प्रश्नाइतकाच अतिदक्षतेचा आहे. कोपनहेगनमध्ये एका मुलामागे एक विद्यार्थी होता. महाडमध्ये नऊ तासांत बारा नोंदी होत्या. दोन्हीकडे यंत्र अपुरे होते, माणूस पुरेसा होता. आपल्याकडे याच्या उलट घडण्याचा संभव अधिक.

देहेडच्या डॉक्टरचे काम जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेले ते औषधाच्या नावाने. त्यांच्या जिल्ह्यात शिकू लागलेल्या नव्या विद्यार्थ्यांनी ते वेळापत्रकाच्या बाजूने वाचावे असे मला वाटते : पहिले तीन तास अर्ध्या अर्ध्या तासाने, पुढचे सहा तास तासातासाने, आणि मधल्या प्रत्येक फेरीत रुग्णाच्या पायाला हात लावून.